लेकरू सांभाळणारं घर : प्रस्तावना

पाचगणीत आईवडिलांपासून दूर राहणारी मुलं ही काही नवलाईची गोष्ट नाही. दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट या पाच गावांमधल्या डोंगरमाथ्यावर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर जॉन चेसन यांनी हे थंड हवेचं ठिकाण वसवलं. पुढं इथं एकामागून एक निवासी शाळा उभ्या राहिल्या. किमिन्स, सेंट जोसेफ, सेंट पीटर्स, बिलिमोरिया, १९२२ सालचं संजीवन विद्यालय, बहाई मंडळींचं न्यू एरा ही नावं मुंबई-पुण्याच्याच काय, परदेशातल्या घरांतही ओळखीची झाली. जून उजाडला की पसरणी घाटातून गाड्या वर येतात, ट्रंका उतरतात, मुलं वसतिगृहात स्थिरावतात. सुट्टी लागली की तीच मुलं ट्रंका घेऊन घरी जातात. त्यांचं घर दूर असतं, पण घर असतं. आपल्याला न्यायला कोणीतरी येणार, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं.

याच गावात आणि आसपासच्या वाड्यांवर आईवडिलांवाचून वाढणारी दुसरीही मुलं आहेत. शाळेच्या मेसमध्ये पोळ्या लाटणारी बाई आपल्या वारलेल्या बहिणीची मुलगी सांभाळते. टेबललँडवर घोडा फिरवणाऱ्याच्या घरात त्याच्या भावाचा मुलगा वाढतो. स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात रोजंदारीनं जाणारी आजी संध्याकाळी दोन नातवंडांचा अभ्यास घेते, म्हणजे स्वतःला वाचता येत नसलं तरी ती दोघं वाचून होईपर्यंत शेजारी बसून राहते. आणि जिल्ह्याच्या बालगृहांत अशीही मुलं आहेत, ज्यांना सुट्टीत न्यायला कोणाचीच गाडी येत नाही.

ही पुस्तिका या मुलांसाठी आहे. त्याहूनही अधिक ती या मुलांना आपल्या घरात घेणाऱ्या, निभावून नेणाऱ्या माणसांसाठी आहे. अनाथ मुलाविषयी समाजाला कळवळा असतो. त्याला सांभाळणाऱ्या घराविषयी मात्र फार तर कौतुक असतं. मूल टिकतं ते घर टिकलं तर. म्हणून आधार द्यायचा तो मुलाला आणि त्या घराला एकत्रच द्यायला हवा. या सगळ्या पानांमागचं म्हणणं एवढंच आहे आणि ते नीट पटावं म्हणून ही प्रस्तावना जरा लांबवतो आहे.

साताऱ्याच्या मातीत या कामाची परंपरा जुनी आहे. सावित्रीबाई फुले यांचं माहेर नायगाव, वाईच्या शेजारच्या खंडाळा तालुक्यातलं. फुले घराण्याचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण. जोतीराव वर्षाचेही झाले नव्हते तेव्हा त्यांची आई गेली. त्यांना सांभाळलं ते सगुणाबाई या मावसबहिणीनं. त्या बालविधवा होत्या आणि एका मिशनऱ्याच्या घरी मुलं सांभाळण्याचं काम करत होत्या. जोतीरावांच्या मनात शिक्षणाची ओढ रुजली त्यात सगुणाबाईंचा वाटा मोठा होता. पुढं १८६३ मध्ये जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह उघडलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी तिथं येऊन निर्धास्तपणे बाळंत व्हावं, मूल ठेवून जावं, अशी सोय केली. तिथंच काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेच्या पोटी जन्मलेल्या यशवंतला या दांपत्यानं आपला मुलगा मानलं. त्याला डॉक्टर केलं. १८९७ च्या प्लेगमध्ये हडपसरजवळ यशवंतरावांनी दवाखाना उघडला. रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. मावसबहिणीनं वाढवलेला पोरका मुलगा, त्यानं आणि त्याच्या पत्नीनं वाढवलेलं परक्याचं मूल आणि त्या मुलाच्या दवाखान्यात आईनं अखेरपर्यंत केलेली सेवा. आज महाराष्ट्र शासनाच्या बालसंगोपन योजनेला क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव आहे, ते या अर्थानं फार योग्य आहे.

दुसरं उदाहरण सातारा शहरातलंच. सुभेदार रामजी सकपाळ कुटुंबासह साताऱ्यात राहत होते तेव्हा त्यांच्या पत्नी भीमाबाई वारल्या. धाकटा भीमराव, म्हणजे पुढचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर, त्या वेळी जेमतेम पाच वर्षांचा होता. घरातल्या मुलांची आई झाल्या त्या मीराबाई, रामजींची बहीण. शरीरानं त्या अधू होत्या, पण त्या मुलांचं खाणंपिणं, आजारपण, रुसवेफुगवे त्यांनीच पाहिले. ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमरावाचं नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झालं. आज तो दिवस राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. शाळेच्या त्या दाखल्यामागं आत्याच्या हातची भाकरी आहे, हे मात्र क्वचितच कोणी बोलून दाखवतं.

तिसरं नाव लक्ष्मीबाई पाटील यांचं. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केलं आणि १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचं नाव दिलं गेलं. त्या वसतिगृहात धान्य संपलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी आपले दागिने एकेक करून दिले, अखेरीस मंगळसूत्रही. जातीपातीचा विटाळ मानणाऱ्या त्या काळात सगळ्या जातींची पोरं त्यांनी एका पंगतीला बसवली. १९३० मध्ये त्या गेल्या. भाऊरावांच्या रयत शिक्षण संस्थेचा वटवृक्ष पुढं सगळ्या महाराष्ट्रानं पाहिला.

सगुणाबाई, मीराबाई, लक्ष्मीबाई. या तिघींनी जे केलं ते स्वतःच्या बळावर केलं. त्यांना महिन्याचं अनुदान नव्हतं, कोणी समुपदेशक नव्हता, अंगात ताप असताना पोरांना दोन घास घालणारी बदली बाई नव्हती. त्यांनी वाढवलेल्या मुलांची चरित्रं लिहिली गेली, त्या चरित्रांत त्यांच्या वाट्याला एखादं पान आलं. त्यांच्या थोरवीचे गोडवे गाऊन आपण मोकळे होऊ नये. आजची सगुणाबाई, आजची मीराबाई आपल्याच गल्लीत आहे आणि एकटीच ओढते आहे, हे ध्यानात घेऊन पुढं काय करायचं ते ठरवायला हवं.

या डोंगरी मुलखात मुलं नातलगांकडे राहतात, त्याला इथल्या पोटापाण्याचा इतिहासही कारण आहे. जावळी, पाटण, महाबळेश्वर या तालुक्यांतल्या गड्यांनी मुंबईच्या बाजारांत माथाडी म्हणून पाठीवर पोती वाहिली. त्यांच्या हक्कांसाठी लढलेले अण्णासाहेब पाटील पाटण तालुक्यातलेच, आणि त्या लढ्यातून १९६९ चा माथाडी कायदा आला. बाप मुंबईला खोलीवर, आई कधी त्याच्यासोबत तर कधी शेतावर आणि पोरं आजीपाशी, ही घडी इथं पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पुढं एचआयव्हीनं घरं पोखरली. एकेकाळी शेजारच्या सांगली जिल्ह्यातला संसर्ग राज्यात चिंतेचा विषय होता. त्याच जिल्ह्यात १९९२ पासून मीना सरस्वती शेषू यांच्या संग्राम संस्थेनं या आजाराशी झुंजणाऱ्या स्त्रियांबरोबर काम उभं केलं. पाचगणीचं बेल-एअर रुग्णालय विसाव्या शतकाच्या आरंभी क्षयरोग्यांसाठी उभं राहिलं होतं. त्यानं या काळात एचआयव्हीबाधितांसाठी दार उघडलं. आईबाप दोघंही गेलेली मुलं तेव्हा आजी-आजोबांच्या ओटीत आली. मग २०२०-२१ मध्ये करोना आला. त्यानं तर एकेका आठवड्यात घरं रिकामी केली.

करोनानंतर शासन जागं झालं, हे मान्य करायला हवं. दोन्ही पालक गमावलेल्या मुलांच्या नावावर राज्य शासनानं पाच लाख रुपयांची मुदत ठेव ठेवली, केंद्रानं पीएम केअर्समधून दहा लाखांची तरतूद केली, जिल्ह्याजिल्ह्यांत कृती दलं झाली. हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी करोना एकल महिलांच्या पुनर्वसनासाठी गावोगाव पाठपुरावा केला, त्यातून कितीतरी घरांपर्यंत बालसंगोपन योजनेचं नाव पहिल्यांदा पोहोचलं. पण आई बाळंतपणात गेली, बाप दारूनं गेला, दोघं घाटात अपघातात गेले, तर त्या मुलाचं पोरकेपण काही कमी नसतं. त्याच्यासाठी साथीच्या रोगाची वाट पाहायची नसते.

आज अशा मुलांसाठी कायद्यानं मुख्यतः तीन वाटा आहेत आणि त्या एकमेकींत मिसळून जातात म्हणून इथंच वेगळ्या करून सांगतो.

पहिली वाट राज्याच्या बालसंगोपन योजनेची. २००५ च्या शासन निर्णयानं तिला आजचं रूप आलं. अनाथ, एकच पालक उरलेलं, पालक तुरुंगात असलेलं, पालक दुर्धर आजारानं खिळलेलं असं मूल संस्थेत न जाता कुटुंबातच वाढावं, म्हणून अठरा वर्षांपर्यंत दरमहा अनुदान मिळतं. बरीच वर्षं ही रक्कम ४२५ रुपये होती, म्हणजे दिवसाला साधारण चौदा रुपये. २०२१ मध्ये ती ११०० झाली आणि २०२३ मध्ये २२५० वर गेली. म्हणजे दिवसाला ७५ रुपये. वाढ चांगली आहे. पण वाढत्या वयाच्या मुलाचं दूध, वह्या, चपला आणि एसटीचा पास एवढ्यात बसवायला आजीला किती ओढाताण करावी लागते, याचा हिशेब ज्यानं त्यानं आपल्या घरच्या खर्चावरून करावा.

दुसरी वाट केंद्राच्या मिशन वात्सल्यमधल्या प्रायोजकत्वाची. त्यात दरमहा ४००० रुपये मिळतात. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२ हजार आणि शहरी भागात ९६ हजार रुपयांच्या आत असावं लागतं.

तिसरी वाट प्रतिपालकत्वाची. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४४ मध्ये ती सांगितली आहे. ज्या मुलाला आपल्या कुटुंबात राहणं शक्य नाही आणि जे दत्तकही जाऊ शकत नाही, ते बाल कल्याण समितीच्या आदेशानं दुसऱ्या एखाद्या घरात राहतं. हे घर नात्यातलं असायलाच हवं असं नाही. दत्तकात मूल कायमचं त्या घराचं होतं, वारसा मिळतो, जुनी नाती कायद्यानं संपतात. प्रतिपालकत्वात तसं होत नाही. जन्मदात्यांना समितीच्या परवानगीनं मुलाला भेटता येतं, आणि त्यांची घडी बसली तर मूल परतही जाऊ शकतं. भावंडं शक्यतो एकत्र ठेवावीत, असं कायदा सांगतो. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांनी ही वाट रुंद केली. आता ३५ ते ६० वयाची अविवाहित, विधवा, घटस्फोटित व्यक्तीही प्रतिपालक होऊ शकते. एकट्या स्त्रीला मुलगा किंवा मुलगी कोणालाही घेता येतं, एकट्या पुरुषाला मात्र फक्त मुलगा. सहा वर्षांवरच्या मुलांसाठी ही सोय आहे. दोन वर्षं नीट एकत्र गेली आणि मूल दत्तकासाठी मोकळं असेल, तर त्याच घराला दत्तकाचाही विचार करता येतो. पूर्वी हा काळ पाच वर्षांचा होता.

दत्तकासाठी रांगेत थांबलेली बहुतेक जोडपी तान्हं बाळ मागतात. आठ-दहा वर्षांच्या मुलाला, दोन भावंडांच्या जोडीला, एखादं व्यंग असलेल्या मुलीला मागणारे विरळा. बालगृहांत वर्षानुवर्षं राहतात ती हीच मुलं. प्रतिपालकत्व त्यांच्यासाठी आहे, आणि म्हणूनच ज्यांची स्वतःची मुलं मोठी होऊन पांगली आहेत, घरात एक खोली आणि दोन वेळचं जेवण आहे, अशा पन्नाशीच्या दांपत्यांनी हा भाग मुद्दाम वाचावा अशी माझी विनंती आहे.

संस्थेपेक्षा घर बरं, हे नुसतं मायेचं बोलणं नाही, त्याला पुरावा आहे. रुमानियात हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट १९८९ मध्ये कोसळली तेव्हा लाखाहून अधिक मुलं सरकारी अनाथालयांत सापडली. ठरावीक वेळी जेवण, पण उचलून घेणारं कोणी नाही. २००० सालापासून चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना या संशोधकांनी बुखारेस्टमध्ये १३६ लहान मुलांचा अभ्यास केला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून निम्मी मुलं पालक-कुटुंबांत ठेवली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बुद्धी, बोलणं, माणसांवर विश्वास टाकण्याची ताकद संस्थेतल्या मुलांपेक्षा सरस भरली. दोन वर्षांचं होण्याआधी घर मिळालेल्या मुलांना सर्वांत जास्त लाभ झाला. या अभ्यासातली एक गोष्ट मात्र आपल्याकडे सांगितली जात नाही. ती पालक-कुटुंबं आपापल्या नशिबावर सोडलेली नव्हती. त्यांना मानधन होतं, आणि अडलं-नडलं तर विचारायला जाणता समाजसेवक होता. घराचा जो गुण दिसला, तो पाठीशी माणूस उभा असलेल्या घराचा होता.

आपल्याकडे असं घर योजनेपर्यंत कसं पोहोचतं, ते जरा जवळून पाहू. एखाद्या वाडीवरच्या आजीनं बालसंगोपनाचा अर्ज भरायचं ठरवलं, तर तिच्या पिशवीत काय काय लागतं? तिचं आणि मुलाचं आधार कार्ड. मुलाच्या आईचा किंवा बापाचा, किंवा दोघांचाही मृत्यूचा दाखला. रेशनकार्ड. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. शाळेचं बोनाफाईड. बँकेचं पासबुक. आणि घरासमोर मुलाला शेजारी उभं करून काढलेला फोटो. असा एक फोटो काढला तो दिवस मी विसरू शकत नाही. पत्र्याचं छत, दारापुढं शेणानं सारवलेलं अंगण, नऊवारीचा पदर डोक्यावर ओढून ताठ उभी राहिलेली आजी आणि तिच्या कमरेला बिलगलेला, कॅमेऱ्याकडे न बघणारा मुलगा. त्याला शाळेचा गणवेश घालून आणला होता, कारण घरातले सगळ्यांत चांगले कपडे तेच होते. मोबाईलवर फोटो काढून झाल्यावर आजीनं विचारलं, "साहेब, ह्यात दिसतंय ना, की त्यो माझ्यापाशीच हाय?" त्या फोटोला सरकारी अर्जात जेवढा अर्थ आहे त्याहून कितीतरी मोठा अर्थ तिच्या लेखी होता.

मग त्या पिशवीचा प्रवास सुरू होतो. मृत्यूचा दाखला मुंबईच्या महापालिकेचा असेल तर तो आणायला कोणाला पाठवायचं? दाखल्यावर नाव 'बाळू' आणि आधारवर 'बाळासाहेब' असेल तर काय करायचं? अर्ज द्यायला साताऱ्याला जायचं तर पसरणी घाट उतरून वाई, वाईहून दुसरी एसटी, म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली. साहेब बैठकीला गेले असतील तर दुसऱ्या दिवसाचीही. अनुदान मंजूर झालं तरी ते महिन्याच्या महिन्याला येईलच असं नाही. कित्येकदा बरेच महिने थकतं आणि मग एकदम जमा होतं. दुकानदार उधारी देतो ती महिन्यावर देतो, वर्षावर देत नाही. ज्या घराला आधार म्हणून पैसे द्यायचे, त्या घराला ते वेळेवर मिळणं हा त्या आधाराचाच भाग आहे.

म्हणून या पुस्तिकेत कागदपत्रांचा भाग एवढा सविस्तर केला आहे. कोणता दाखला कुठं मिळतो, नावातली चूक कशी दुरुस्त होते, अर्ज कोणाकडे द्यायचा आणि पोच का घ्यायची, हे साध्या भाषेत मांडलं आहे. वाचता न येणाऱ्या आजीला ते शेजारची कॉलेजात जाणारी पोरगी वाचून दाखवू शकेल.

पैशाइतकाच, किंबहुना जास्त, कस लागतो तो घरातल्या घरात. बालगृहातून किंवा उद्ध्वस्त घरातून आलेलं मूल पहिले काही दिवस शहाण्यासारखं वागतं. मग एके दिवशी उशीखाली शिळी भाकरी सापडते. पुन्हा जेवण मिळेल याची त्याला खात्री नसते, म्हणून ते साठवतं. दहाव्या वर्षी अंथरूण ओलं होतं. शाळेतून तक्रार येते. एखाद्या रात्री ते ओरडून सांगतं, "तू माझी आई नाहीस." ते घर आपल्याला काढून टाकतं का, हे ते मूल पाहत असतं. अशा वेळी पालक हबकतात, आपलं काही चुकलं म्हणून झुरतात, किंवा मुलाला कृतघ्न ठरवून मोकळे होतात. त्यांना कोणी आधीच सांगितलेलं असेल की हे होणार आहे, बहुतेक घरांत होतं, आणि भाकरीचा डबा रात्री मुलाच्या हाताला लागेल असा ठेवला तर काही महिन्यांत साठवणं थांबतं, तर केवढा फरक पडेल! मुलाच्या जन्मदात्यांचं नाव घरात कसं घ्यायचं, आईच्या वर्षश्राद्धाला काय करायचं, भाऊबीजेला दुसऱ्या बालगृहातल्या बहिणीला कसं भेटवायचं, स्वतःच्या मुलांना वाटणी झाल्याचं दुःख होतं ते कसं समजून घ्यायचं, हे सगळं या पुस्तिकेत आहे. अनुभवी पालकांनी आपापल्या शब्दांत सांगितलेले हे भाग मला सगळ्यांत मोलाचे वाटतात.

शेजारपाजारचा वाटा इथं मोठा आहे. "परक्याचं पोर ते, कधी आपलं होतंय का?" हे वाक्य मुलाच्या कानावर पडतं. "कोणाचा रे तू?" असं लग्नाच्या मांडवात चारचौघांत विचारलं जातं. शाळेत वडिलांच्या नावाचा रकाना भरताना सगळ्या वर्गासमोर विचारणा होते. मन दुखवायचा हेतू नसतो, पण दुखावतं. शिक्षकांनी ही माहिती मुलाला वर्गाबाहेर बोलावून घ्यावी, पालकसभेला आई किंवा वडील असं न म्हणता घरचं कोणी यावं असं लिहावं, एवढ्यानंही घरावरचं ओझं हलकं होतं.

धोकाही सांगायला हवा. घरात घेतलेलं मूल कधी कधी घरगडी होऊन बसतं. शाळा सुटते, भांडी आणि गुरं हातात येतात. पोरीच्या बाबतीत याहून वाईटही घडतं. मायेच्या नावाखाली हे झाकलं जाऊ नये, म्हणूनच पालक-कुटुंबाची तपासणी दर महिन्याला व्हावी असं कायद्यानं घालून दिलं आहे. पण एवढ्या मोठ्या, डोंगरदऱ्यांच्या जिल्ह्यात मोजके कर्मचारी वाडीवाडीवर दर महिन्याला कसे पोहोचणार? ती माणसं वाढवली पाहिजेत, त्यांना गाडी आणि भत्ता दिला पाहिजे, अशी मागणी आपण लावून धरायला हवी. तोवर अंगणवाडी सेविका, आशा, शिक्षक, ग्रामसेवक आणि पोलीस पाटील यांनी डोळे उघडे ठेवावेत. १०९८ हा क्रमांक शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहावा. चांगल्या घराला भेटीची भीती वाटत नाही, उलट कोणीतरी विचारायला आलं याचा धीर येतो.

अठराव्या वर्षी काय होतं, तेही इथंच सांगतो. कायद्यानं मूल सज्ञान झालं की अनुदान थांबतं. आपल्या घरातला अठरा वर्षांचा मुलगा बारावीच्या निकालाची वाट पाहत असतो, त्याच वयात या मुलाला खोली, काम आणि कागद एकदम शोधावे लागतात. कायद्यात एकविसाव्या वर्षापर्यंत, आणि अपवादात्मक परिस्थितीत तेविसाव्या वर्षापर्यंत, अनुरक्षणाची, म्हणजे अठरानंतरच्या आधाराची, तरतूद आहे. अनुरक्षणगृहं आहेत, शिक्षण-प्रशिक्षणासाठी मदत आहे. अनाथ मुलांना शिक्षणात आणि शासकीय नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण देण्याचा निर्णय महाराष्ट्रानं २०१८ मध्ये घेतला. त्यासाठी अनाथ प्रमाणपत्र लागतं, आणि ते वेळीच काढून ठेवलं नाही तर ऐन प्रवेशाच्या वेळी धावपळ होते. दहावीत असतानाच त्याचा अर्ज करावा, असं मी इथं आग्रहानं लिहितो. प्रतिपालक घरानं अठरानंतरही दार बंद करू नये. दिवाळीला कुठं जायचं हा प्रश्न पंचविसाव्या वर्षीही तितकाच खरा असतो.

पाचगणीकरांना यात खास काही करता येईल, असं मला मनापासून वाटतं. मुलं सांभाळण्याचं एवढं ज्ञान एका ठिकाणी साठलेलं गाव महाराष्ट्रात दुसरं क्वचितच असेल. घरच्या आठवणीनं रडणारं मूल कसं रमवायचं, रात्री ताप चढला तर काय करायचं, अभ्यासात मागं पडलेल्याला कसं पुढं आणायचं, हे इथल्या वसतिगृहांतल्या मावशा, मेट्रन आणि गृहप्रमुख कित्येक वर्षं करत आले आहेत. त्यांनी वर्षातून काही वेळा पालक-कुटुंबांना बोलावून आपलं ज्ञान वाटलं, तर त्याला पैसा लागत नाही. शाळांचे समुपदेशक महिन्यातली एक दुपार या घरांसाठी ठेवू शकतील. शाळांची ग्रंथालयं आणि मैदानं सुट्टीत या मुलांना खुली होऊ शकतील. शेजारच्या भिलारला २०१७ पासून पुस्तकांचं गाव नांदतं आहे, तिथल्या घराघरांतली पुस्तकं या मुलांना वाचायला मिळावीत. हॉटेलवाल्यांनी, फळप्रक्रिया उद्योगांनी अठरा वर्षांवरच्या मुलामुलींना काम शिकवून कामावर घ्यावं. मूल घेणाऱ्या घराला थकवा येतो तेव्हा चार दिवस ते मूल आपल्याकडे ठेवून घेणारं दुसरं ओळखीचं, तपासलेलं घर असावं, आणि अशा घरांनी एकमेकांना धरून राहावं. सगळ्यांनी मूल घेतलंच पाहिजे असं नाही. ज्यांनी घेतलं आहे त्यांच्या पाठीशी उभं राहणं सगळ्यांनाच जमण्यासारखं आहे.

पुस्तिकेची मांडणी या क्रमानं केली आहे. आधी कायदा आणि योजना, मग कागदपत्रं, मग घरातलं रोजचं जगणं, त्यानंतर शाळा आणि आरोग्य, पुढं मुलाची सुरक्षितता आणि शेवटी अठरानंतरचं आयुष्य. सलग वाचायची गरज नाही, अडेल ते पान उघडावं. अनुदानाच्या रकमा आणि नियम बदलत असतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी जिल्हा बाल संरक्षण कक्षात एकदा विचारून घ्यावं. पालकांनी आपले अनुभव सांगितले तेव्हा मुलांची ओळख कुठंही उघड होणार नाही याची काळजी घेतली आहे. वाचणाऱ्यांनीही ती घ्यावी.

शेवटी एक मागणं. ही पुस्तिका कपाटात ठेवू नका. मुख्याध्यापकांनी ती शिक्षकांच्या खोलीत टेबलावर ठेवावी, सरपंचांनी ग्रामसभेत तिच्यातलं योजनांचं पान वाचून दाखवावं, अंगणवाडीताईंनी आपल्या गावात नातवंडं किंवा भाचरं सांभाळणारी घरं कोणती, याची यादी करावी. त्या यादीतल्या प्रत्येक घरी या महिन्यात कोणीतरी जावं, "अर्ज भरलाय का, पैसे येतात का, पोराचं कसं चाललंय आणि तुमचं कसं चाललंय," असं विचारावं, आणि जे अडलं असेल ते सोडवेपर्यंत परत परत जावं. एवढं झालं तर ही पुस्तिका लिहिणाऱ्यांच्या कष्टाचं चीज झालं असं मी समजेन.